पासष्टची रिंग

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी रिंग आहे. बोटात घालायची नव्हे, संत्री मापायची. एक मूठ, पुढे गोल भोक आणि मुठीवर रंगाने लिहिलेला आकडा, पासष्ट. म्हणजे माझं भोक पासष्ट मिलिमीटरचं. जे संत्रं माझ्यात अडतं, ते खोक्यात बसून जहाजाने परदेशी जातं. जे आरपार पडतं, ते लहान ठरून जवळच्या बाजारात जातं.

बागेच्या मालकांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनीच मला कोरलं. सालीवर ओरखडा आला की फळ वाटेत सडतं आणि शेजारच्यांनाही सडवतं. म्हणून दर हंगामाआधी आप्पा पायरीवर बसून माझी आतली कड पॉलिश पेपरने घासायचे आणि गालावर फिरवून बघायचे. वीस हंगाम हे चाललं. नवी बाई कामाला आली की आधी तिला माझ्यावरून बोट फिरवायला लावायचे. मला फार बरं वाटायचं.

मग एका वर्षी माझ्या कडेला लाकडाची एक टोचरी कूस निघाली. आप्पांनी दोन दिवस बसून ती घासून काढली.

त्याच वर्षी सूनबाईंनी आप्पांशी वाद घालून बागेच्या वरच्या बाजूची छाटणी आपल्या पद्धतीने केली होती. झाडांच्या मधल्या फांद्या काढून उजेड आत सोडला. आप्पांनी तेव्हाच बजावलं होतं की फळं पोसली तर ठीक, नाहीतर पुन्हा कात्रीला हात लावायचा नाही.

तोड सुरू झाली. मी मापत गेले आणि फळं पडत गेली, दहातली चार. धाकटे दीर म्हणाले, "वहिनींनी झाडांचे केस झकास कापले, जेवायला घालायचं तेवढं राहिलं." माल भरणाऱ्या बायका हसल्या. सूनबाई हसल्या नाहीत. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी कात्री नेऊन आप्पांच्या खुंटीला अडकवली. मलाही वाटत होतं, फळंच लहान.

जेवणानंतर त्या बाद फळं आवरायला बसल्या. टोपली कमी पडली, म्हणून काही फळं त्यांनी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ठेवली. त्या ट्रेचे खळगे पासष्टच्या मापाचे. लहान फळ त्यात गडगडतं. ही फळं जागची हलेनात. सूनबाईंनी ट्रे हलवला, पुन्हा हलवला. मग मला उचललं, माझ्या भोकावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि तशीच आप्पांकडे नेली.

"आप्पा, चष्मा लावा नि वाचा."

आप्पांनी वाचलं. पट्टी उलटी करून पुन्हा वाचलं. अडुसष्ट.

"फळं लहान नाहीत," ते हळूच म्हणाले. "मीच हिला घासून घासून मोठी केली."

सूनबाई पालथ्या क्रेटवर मटकन बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आप्पांनी पुठ्ठ्याची नवी रिंग कापली, टोपल्या पुन्हा मापायला लावल्या. दहातलं जेमतेम एक पडलं. मग त्यांनी खुंटीवरची कात्री काढून सूनबाईंपुढे ठेवली. म्हणाले, "खालची बाजूही तूच बघ."

मित्रांनो, मागच्या हंगामांत मी किती चांगली फळं बाद केली असतील, कोण जाणे. तो विचार अजून सलतो. तुमच्याकडेही एखादी जुनी, आवडती वस्तू असेल. तिला जपा, पुसा, पण अधूनमधून तिचं मापही तपासा. तपासलं म्हणून माया कमी होत नाही.

आता पत्र्याची रिंग काम करते आणि रोज सकाळी तिच्यावर पट्टी धरली जाते. मला वाटलं होतं, मी चुलीत जाणार. पण मी आप्पांच्या खुंटीवर आहे, कात्रीच्या जागी. हंगाम जवळ आला की त्यांचा हात अजून पॉलिश पेपरकडे जातो. मला घेऊन ते पायरीवर बसतात आणि जाता जाता सूनबाई म्हणतात, "घासा आप्पा, आता पोटभर घासा."