कडक पेडल

उस्ता बय्यूमीच्या गॅरेजातून सुटलेल्या मायक्रोबसचं ब्रेकपेडल दगडासारखं कडक असतं, अशी कैरोभर ख्याती होती. पाय दिला तरी तसूभर हलत नाही, म्हणजे ब्रेक मर्दाचा, असं ड्रायव्हर छाती फुगवून सांगत. असल्या मर्दपणापायी माणसं मरायची, पण उस्ताला, गॅरेजच्या थोरल्या मिस्त्रीला, सांगणार कोण?

रावयाने सांगितलं. चार वर्षं ती तिथं ब्रेकचं काम करत होती, पण पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर उस्ता स्वतःच बसवायचा. त्या सकाळी ड्रायव्हर दसूकीची बस मुकत्तम टेकडीच्या उतारावर तपासायला नेली, तर पेडलवर दोन्ही पायांनी उभी राहिली तेव्हा कुठे बस रसवाल्याच्या गाड्यापासून वीतभर अलीकडे थांबली. परत येऊन तिने बॉनेट उघडलं. एकोणीस मिलिमीटरचा मास्टर सिलिंडर काढून तिथं ट्रकचा पंचविसाचा बसवला होता.

“उस्ता, हा काढायला हवा. एकोणिसाचा वर्ग तीनशे एकसष्ट, पंचविसाचा सव्वासहाशे, त्याच पटीत पायाचा जोर वाढतो. जिथं चाळीस किलोंचा पाय पुरायचा, तिथं आता सत्तर लागतात.”

बय्यूमी चहात चौथा चमचा साखर ढवळत होता. “मोठा सिलिंडर, मोठा ब्रेक. तुझ्या जन्माआधीपासून पेडलं कडक करतोय मी. मला वर्ग शिकवतेस, पोरी?”

“पेडल कडक झालंय, ब्रेक ढिला पडलाय.”

तिने ब्रेक ऑइल भरायच्या दोन सिरिंज घेतल्या, एक जाड, एक बारीक, आणि नळीने जोडल्या. जाड त्याच्या हातात दिली. “दाबा. मी बारीक दाबते.”

बय्यूमीचा अंगठा खुंटीएवढा. तरी त्याचा दांडा सरकत मागेच आला. बाजूला उभा दसूकी फिसकन हसला.

“खेळण्यावर बस चालत नाही,” उस्ता म्हणाला. मग आवाज खाली आणून बोलला, “बारा बसना बसवलाय, रावया. कबूल केलं तर तीस वर्षांचं नाव मातीत जाईल.”

“जाऊ दे. एकेका बसमध्ये चौदा माणसं बसतात.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

तिला वाईट वाटलं. हातात पाना धरायला त्यानेच शिकवलं होतं. पण ती गेली नाही. दसूकीच्या बसचा जुना सिलिंडर भंगारातून शोधून तिने पुन्हा बसवला, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, मगच हात पुसले. बय्यूमी पाठ फिरवून चहा पीत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सय्यिदा आयशा चौकातल्या मायक्रोबस स्टँडवर ती त्या दोन सिरिंज घेऊन उस्ताच्या उरलेल्या अकरा बसच्या रांगेत पहिल्या बससमोर उभी राहिली.

“बाजूला हो, बाई, गिऱ्हाईक खोळंबलंय,” ड्रायव्हर ओरडला.

“होते. आधी उतरून हे दाबून दाखव.”

तो हॉर्नवर हात ठेवून बसला. मागच्या दहाही हॉर्न वाजवू लागल्या. पण बाहेर पडणार कुठून? स्टँडच्या तोंडाशी दसूकीने आपली बस आडवी लावली होती आणि किल्ली रावयाच्या खिशात होती.