मौनी महाराजांची लाइन कधीच बिझी नसते

चमत्कार पाहायचा असेल तर एक दाबा.

जबलपूरच्या कांचघर भागातल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर श्री निःशब्दानंद महाराज डोळे मिटून, ओठ मिटून बसले होते. त्यांनी सात वर्षांचं मौन धरलं होतं आणि त्यातलं तिसरं वर्ष चालू होतं. समोर तीनशे मराठी माणसं, बहुतेकांच्या कानाला मोबाइल, आणि प्रत्येक मोबाइलमधून महाराज बोलत होते.

तोच आवाज. प्रत्येकाशी वेगळं बोलणं. एकाच वेळी. आणि ओठ हलत नव्हते.

"आपण बोलतो ती वैखरी," भाऊराव माइकवर सांगत होते. "महाराज परा वाणीनं बोलून राहिले. तिला तार लागत नाही, टॉवर लागत नाही."

ज्यांच्या कोपऱ्यात रेंज नव्हती ते भक्त उठून खिडकीपाशी येत होते. परा वाणी तिथं स्पष्ट येत होती.

भाऊराव म्हणजे संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं तोफगोळे तपासलेला माणूस. केसाच्या जाडीइतका फरक निघाला तर गोळा परत पाठवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोजपट्टी कारखान्यातच ठेवली असावी.

मागच्या रांगेत विनताताई बसल्या होत्या. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटरचं काम केलं होतं. ट्रंक कॉलच्या काळात कोण, कुठून, कोणाला फोन करतंय हे त्यांनाही न सांगता कळायचं. त्यांच्या पाया कोणी पडलं नव्हतं. उलट लाइन लागली नाही की शिव्या मिळायच्या.

आज त्या आल्या होत्या त्या महाराजपूर वस्तीतल्या आपल्या शेजारणीसाठी, पूर्णिमासाठी. पूर्णिमाची मुलगी स्वानंदी बारा वर्षांची. तिला मिरगी, म्हणजे फिट्सचा आजार होता. रोज गोळ्या चालू होत्या आणि दोन वर्षांत एकही झटका नव्हता. म्हणजे गोळ्या काम करत होत्या, पण रोज काम करणाऱ्या गोष्टीला चमत्कार कोण म्हणतं?

पूर्णिमानं नंबर लावला. नाव सांगायला तोंडही उघडलं नव्हतं.

"पूर्णिमा बेटी," मोबाइलमधून शुद्ध पुस्तकी मराठी आली, "स्वानंदीच्या मिरगीने तुझ्या जिवाला घोर लागला आहे. त्या गोळ्या तिच्या प्राणशक्तीला बांधून ठेवतात. आजपासून बंद कर. अकरा दिवसांत ती मुक्त होईल."

पूर्णिमा रडू लागली. तीनशे माणसांनी हात जोडले. महाराजांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

शंका असेल तर दोन दाबा. (दाबू नये, असं भाऊरावांचं मत.)

सोमवारी विनताताईंनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला.

"बाळ, तुझे नाव सांग."

"तुम्हाला दिसत नाही?"

"श्रद्धेने सांग, बाळ."

भाऊरावांकडे खुलासा तयार होता. "तुमच्यात श्रद्धा नाही न दीदी, म्हणून दिसलं नाही."

मंगळवारी विनताताईंनी पूर्णिमाच्या फोनवरून, आवाज मुद्दाम घोगरा काढून, पुन्हा लावला. महाराज प्रेमानं म्हणाले, "पूर्णिमा बेटी, स्वानंदी कशी आहे?"

"बघ, मला पूर्णिमा म्हणून राहिले."

"माझ्या घरून लावला न मावशी. घराची कंपनं असतात."

"कंपनं घराची नाहीत, नंबराची आहेत. तू नाव, नंबर, स्वानंदीचा आजार हे कुठं लिहून दिलं होतंस का?"

"नाही. फुकट शुगर तपासायच्या कँपमध्ये फक्त. तो बंटी भैया रजिस्टरमध्ये सगळ्या घरचे आजार लिहून घेत होता न."

"फक्त," विनताताई म्हणाल्या.

"पण मावशी, शुगर आणि महाराज, याचा काय संबंध?"

झटका आल्यास तीन दाबा.

गुरुवारी शाळेत, डब्याच्या सुट्टीत, स्वानंदी पडली. जिभेला चावा बसला, कपाळाला टेंगूळ आलं. शाळेतून तिला घरी आणल्यावर पूर्णिमानं डॉक्टरला फोन केला नाही. महाराजांना केला.

"महाराज, दोन वर्षांनी झटका आला तिला. काहून आला? सांगा न, काहून?"

पलीकडून करुणेनं ओथंबलेला आवाज:

"कायद्याच्या लढाईत धीर धर, बेटी. निकाल तुझ्याच बाजूने लागेल. विरोधी पक्षाशी बोलू नकोस."

पलंगावरून स्वानंदीनं डोळे उघडले. "मम्मी, अपना कोई केस चल रहा है क्या?"

जबलपूरच्या मराठी घरांत 'का' क्वचितच ऐकू येतो, 'काहून' पदोपदी ऐकू येतो. नागपूरकडून आलेला हा शब्द इथं पिढ्यानपिढ्या नांदतोय. भूत, भविष्य, वर्तमान उघड्या पुस्तकासारखं वाचणाऱ्या महाराजांनी तो 'कानून' असा ऐकला होता आणि पोरीच्या झटक्याला कोर्टाची तारीख दिली होती.

शेजारून आलेल्या विनताताईंनी हे उलगडून सांगितलं. विचारपूस करायला आलेले भाऊराव गंभीर झाले.

"कर्माचा कायदा म्हणायचं असेल त्यांना, दीदी. फार खोल आहे."

"भाऊराव, तिच्या कपाळावरचं टेंगूळ पण खोल आहे का?" विनताताई पूर्णिमाकडे वळल्या. "डॉक्टरला लाव फोन."

"अकरा दिवस होऊ द्या न मावशी. मधेच सोडलं तर उलटं होतं म्हणतात."

"आणि पुढचा झटका सायकलवर आला तर?"

पूर्णिमा मुलीच्या कपाळावर बर्फ धरून बसली.

महाराजांना महाराजांशी बोलायचं असेल तर चार दाबा.

एक्सचेंजमध्ये काम कमी असलं की मुली एक खोडी करायच्या. दोन घरांच्या लाइनी एकमेकींना जोडून द्यायच्या. दोन्हीकडे घंटी वाजायची, दोघंही उचलायचे आणि "तुम्हीच केला फोन", "छे, तुम्हीच केला" असं भांडत बसायचे. ती खोडी विनताताईंनी निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी, रविवारी सकाळी, भर सत्संगात केली.

"मला अनुभव सांगायचाय," असं म्हणून त्या व्यासपीठावर चढल्या. "महाराज दोन भक्तांशी एकदम बोलतात हे सगळ्यांना ऐकवू. भाऊराव, तुमचा फोन द्या. पूर्णिमा, तुझा दे."

भाऊरावांनी फोन अभिमानानं दिला. विनताताईंनी दोन्हीवरून नंबर लावला, दोन्हींचे स्पीकर चालू केले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी येईल असे टेबलावर उलटसुलट ठेवले आणि मध्ये माइक धरला.

भाऊरावांच्या फोनमधून आवाज आला, "भाऊराव, बाळ, तुझा गुडघा दुखतो आहे हे मला दिसते."

पूर्णिमाच्या फोननं त्याला उत्तर दिलं, "गुडघ्याचे दुःख मी जाणतो, पूर्णिमा बेटी. हा मागील जन्माचा भार आहे."

"मागील जन्माविषयी तू योग्य विचारलेस, भाऊराव. औषधे बंद कर."

"औषधे बंद करण्याचा तुझा निश्चय उत्तम आहे, बेटी. अकरा दिवस धीर धर."

"तू धीर धरतोस हे पाहून मी प्रसन्न झालो."

"तू प्रसन्न झालीस यातच सर्व आले."

"तुझे कल्याण असो."

"तुझेही कल्याण असो."

"तुझेही कल्याण असो, भाऊराव."

फोन ठेवणं हे भक्ताचं काम. इथं भक्त कोणीच नव्हता, त्यामुळे कल्याण थांबेना. पहिल्या रांगेत एक आजी पदर तोंडाला लावून हसली. मग दुसरी. एकोणिसाव्या कल्याणाला सगळा हॉल हसत होता. आणि मग माइकवर तिसरा आवाज आला. घसा बसलेला, अस्सल माणसाचा.

"अबे बंटी, काट इसको."

श्री निःशब्दानंद महाराजांचे ओठ हलले होते. सात वर्षांचं मौन तिसऱ्या वर्षातच सुटलं.

यंत्रणा समजून घ्यायची असेल तर थांबा, लाइनवर राहा.

"आंटी जी, इसमें गलत क्या है?" रजिस्टरवाल्या बंटीनं घाम पुसत विचारलं. "कंपनियाँ भी तो यही करती हैं।"

करतात, हे खरं. बंटीनं रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपाच्या कारखान्याला हीच व्यवस्था लावून दिली होती. इंटरनेटवर चालणारी फोनलाइन, जिच्यावर शंभर जणांनी एकदम फोन केला तरी शंभर जणांना उत्तर मिळतं. तिला जोडलेला एआय. फोन आला की तो नंबर यादीत शोधतो, त्या ओळीतलं नाव आणि तक्रार वाचतो, आपलं बोलणं ऐकून त्याचे शब्द करतो आणि उत्तर रचून आवाजात सांगतो. कारखान्यात यादी ग्राहकांची होती आणि तक्रार पंपाची. इथं यादी शुगर कँपच्या रजिस्टरमधली होती आणि आवाज मौन धरण्याआधीच्या प्रवचनांवरून बनवलेला. 'गोळ्या बंद करायला सांग' हे मात्र यंत्राला आपोआप सुचलं नव्हतं. ती सूचना बंटीनं लिहिली होती. अकरा दिवसांनंतर महाराजांच्या आश्रमाचं चूर्ण विकत घेऊन सुरू करायचं असतं.

पूर्णिमा व्यासपीठाच्या पायरीवर बसली होती.

"मग आठवडाभर माझ्याशी कोण बोललं, मावशी?"

"कोणी नाही."

"पण ऐकून घेत होतं न. इथं कोण ऐकतं माझं?"

 ही चूक आपलीही आहे, एवढं विनताताईंना कळलं. आठवडाभर त्यांनी पूर्णिमाला पुरावे दिले होते. तिच्याजवळ बसल्या मात्र नव्हत्या. त्या आता बसल्या.

थोड्या वेळानं पूर्णिमानं डॉक्टरांच्या दवाखान्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला: "नमस्ते। मैं क्लिनिक की मशीन बोल रही हूँ, इंसान नहीं। दवा का सवाल हो तो डॉक्टर से जोड़ती हूँ।"

पूर्णिमानं विनताताईंकडे पाहिलं. "ही पण मशीनच?"

"हो. पण ही सांगून राहिली न, की मी मशीन आहे."

डॉक्टर लाइनवर आल्या. त्यांनी आधी स्वानंदी आत्ता शुद्धीत आहे ना हे विचारलं, मग गोळ्या किती दिवस चुकल्या ते. रागावल्या. तासाभरात मुलीला घेऊन या म्हणाल्या. पूर्णिमा चप्पल शोधायला धावली.

म्हणून एवढंच सांगणं आहे. यंत्राला घाबरू नका आणि त्याला नमस्कारही करू नका. अद्भुत आवाज कानावर आला की तीन गोष्टी विचारा: बोलतंय कोण, माझं त्याला कळलं कुठून, आणि याचा सल्ला चुकला तर भोगणार कोण? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'माझं मूल' असेल, तर फोन ठेवा आणि डॉक्टरकडे जा.