कुलूप खाजामिस्त्रीच्या घरचं

मनोजच्या पिक्चरची हिरोईन दुसऱ्याच दिवशी पळाली, म्हणून त्याच्या आईला, चांगुणाला, जेलर व्हावं लागलं. मनोज सातपुरात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. पिक्चरचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलेलं. हिरोईन गेल्यावर तो आईला म्हणाला, "चार दिवस कँटीनला दांडी मार. खाकी साडी नेसायची, गजांपाशी उभं राहायचं, बस्स."

गजांच्या आत जन्मठेपेचा कैदी होता खाजामिस्त्री. गज त्यानंच आपल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून उभे केले होते. दाराचं कुलूपही स्वतःच्या घराचं काढून आणलेलं. तिकडे घराला नुसती कडी. त्याची बायको जाऊन सात वर्षं झाली होती, चांगुणाचा नवरा जाऊन अकरा.

गोष्ट अगदीच रडकी होती, खोटं कशाला बोलू? संवाद ऐकून जांभया याव्यात. पण ही दोघं गजांच्या दोन बाजूंना उभी राहिली, की बघणाऱ्यांचा चहा हातातच गार व्हायचा!

"भाकरी कुणी थापली?" कैदी विचारायचा. हे कागदावर नव्हतंच.

"मीच. का, करपली?" हेही नव्हतं. मनोज शूटिंग थांबवायचं विसरून जायचा.

तीन दिवसांचं काम त्यानं हौसेनं गल्लीत टीव्हीवर दाखवलं आणि तिथंच घोटाळा झाला. आठवड्याच्या आत सिन्नरहून चांगुणाचा थोरला दीर देवराम येऊन थडकला. विधवा बाई, त्यात मुसलमान माणूस! "नाक कापलं आमचं," तो गरजला.

मनोजनं तोड काढली. पिक्चरच्या शेवटी जेलर कैद्याला कोंडणार, पाठ फिरवून निघून जाणार. आणि त्यानंतर आईनं मिस्त्रीचं तोंडही बघायचं नाही.

चांगुणाच्या अंगाची लाही लाही झाली. अकरा वर्षं तिनं कँटीनमध्ये पोळ्या लाटल्या, त्या कमाईतून पोराला कॅमेरा घेऊन दिला. या सगळ्या काळात 'जेवलीस का' म्हणून विचारलं ते एका मिस्त्रीनं, तेही कॅमेरा बंद असताना. तो माणूस तिला हवा होता. का सोडावा तिनं?

शेवटच्या दिवशी देवराम खुर्ची टाकून राखणीलाच बसला. कॅमेरा सुरू झाला. चांगुणानं दाराला कुलूप घातलं, पाठ फिरवली, चार पावलं गेली आणि थांबली.

"चाल की!" देवराम खेकसला.

ती वळली. तडक येऊन तिनं कुलूप काढलं. "मिस्त्री, या बाहेर."

"बाई, कागदावर असं नाय."

"कागद गेला चुलीत! येताय, का खरंच कोंडू?"

मिस्त्री बाहेर आला. हसत होता, डोळे भरले होते. देवराम ताडकन उठला, खुर्ची उलटली. "मन्या, बंद कर तो कॅमेरा!"

मनोजनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या लग्नांत त्यानं नवऱ्या टिपल्या, पण अशी खुललेली एकही नव्हती. "नाही करत, काका," तो म्हणाला.

बाहेर कारखान्यांची पहिली पाळी सुटली होती. खाकी साडीतली जेलर आणि पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला कैदी भर रस्त्यानं निघाले. सायकलवाले पाय टेकून बघत राहिले.

"कुठं निघाल्या जेलरबाई?" कुणीतरी ओरडलं.

"घरी!" ती त्याच्याहून मोठ्यानं ओरडली.

मिस्त्रीच्या दारात तिनं कुलूप त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं किल्लीसाठी दुसरा हात पुढे केला.

"ती नाही मिळायची," चांगुणा म्हणाली आणि किल्ली कमरेला खोचून आत शिरली.