गच्चीवरच्या बंदुका

लातुरात क्लासेसच्या गल्लीत सिंधुबाईंचं मुलींचं होस्टेल होतं. खाली मेस, वर दोन मजल्यांवर बावीस मुली. भूकंपाला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती. सिंधुबाई तेरणाकाठच्या ज्या गावच्या, ते गाव त्या पहाटे झोपेतच बसलं होतं. त्या चौदा वर्षांच्या होत्या. आई आणि दोन भाऊ गेले. पुढं शेषेरावांशी लग्न झालं, ते डाळमिलमध्ये मुकादम. लातुरात डॉक्टर घडवायचे क्लास वाढत गेले तशी सिंधुबाईंनी आधी डबे दिले, मग मेस काढली, मग वरचे मजले चढवले. पोरी त्यांना मावशी म्हणत.

त्या वर्षी नांदेडची मनस्विनी होती. वडील बापूसाहेब शाळेत मुख्याध्यापक, आई विमल बँकेत. पहिल्या वर्षी नीटला थोडक्यात हुकली म्हणून दुसऱ्यांदा बसवलेली. क्लासच्या भाषेत रिपीटर. जूनमध्ये आली तेव्हा बोलकी होती. दिवाळीनंतर परतली ती गप्प. ताट वाढून घ्यायची आणि अर्ध्यावर उठायची. सिंधुबाईंनी दोनदा विचारलं, तिनं दोन्ही वेळा पोट दुखतं म्हणून सांगितलं.

डिसेंबरात तिच्या मामानं वाढदिवसाला पुण्याहून एक खोकं पाठवलं. आत खेळण्यातली बंदूक निघाली, पण टीव्हीत असते तसली काळी, धडाधड सुटणारी नव्हे. जुन्या काळी गारगोटीच्या ठिणगीवर उडायची त्या चकमकीच्या बंदुकीसारखी. लांब नळी, तपकिरी दस्ता, वर वाकडा घोडा. नळीच्या तोंडातून फोमची एक गोळी घालायची, गजानं आत सारायची, घोडा मागं ओढायचा आणि चाप दाबायचा. एका वेळी एकच गोळी. मग सगळं पहिल्यापासून. मनस्विनीनं मेसच्या भिंतीवर चिकटवलेल्या टेस्टच्या वेळापत्रकावर नेम धरला. गोळी केमिस्ट्रीवर बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोरगी हसली, आणि तिच्या हसण्यानं बाकीच्याही. त्या दिवशी तिनं तिसरी पोळी मागून घेतली, हे सिंधुबाईंच्या ध्यानात राहिलं.

चूक एवढीच झाली की मैत्रिणींना दाखवायला म्हणून तिनं ती क्लासला नेली. क्लासचे मालक व्यंकटराव सर स्वतः फिजिक्स शिकवायचे. दोनशे पोरांसमोर त्यांनी ती दप्तरातून काढायला लावली आणि टेबलाच्या कडेवर आपटून मोडली. ज्यांना खेळायचंय त्यांनी मागं बसावं, असं म्हणून मनस्विनीला शेवटच्या बाकावर पाठवलं. संध्याकाळी ती तुकडे ओढणीत बांधून घेऊन आली, आणि पुढचे दोन दिवस तिनं जेवणाला हातच लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सिंधुबाईंनी ते तुकडे पिशवीत घातले आणि गल्लीच्या टोकाला मलप्पा मिस्त्रीच्या दुकानात गेल्या. मलप्पा सुतार. क्लासवाल्या पोरांची अभ्यासाची टेबलं करून करून त्याचं दुकान उभं राहिलं होतं. तोही भूकंपातला. बेघरांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघांची कुटुंबं शेजारी होती, म्हणून सिंधुबाई त्याला दादा म्हणत. त्यानं तुकडे हातात फिरवून बघितले.

"हे प्लास्टिक आता सांधायचं न्हाई," तो म्हणाला. "पण आतली अक्कल कळली. पिचकारीच हाय ही. लाकडाची करू."

"एक नको दादा. सहा कर," सिंधुबाई म्हणाल्या.

आठ दिवस लागले. नळीला प्लंबरचा पांढरा पाइप, आत स्प्रिंग आणि दट्ट्या, दस्त्याला टेबलांतून उरलेलं सागवान. गोळ्यांसाठी काचेच्या दुकानात फट बुजवायला मिळते ती फोमची दोरी बोटाएवढी कापली. घोडा मात्र तीनदा बिघडला. चौथ्यांदा मनस्विनी स्वतः दुकानात जाऊन बसली. घोडा पडल्यावर स्प्रिंग कुठं अडते हे तिनं कागदावर काढून दाखवलं, आणि मलप्पानं तसं केल्यावर तो बसला. मलप्पा म्हणाला, ह्या पोरीला मागच्या बाकावर बसवणाराला स्प्रिंग कळत नसावी.

दर रविवारी पाच ते सहा, गच्चीवर. मुलींनी दोन बाजू पाडल्या, गोदावरी आणि मांजरा, आणि तीन-तीन बंदुका आळीपाळीनं वाटून घेतल्या. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय वर यायचं नाही आणि गळ्याच्या वर नेम धरायचा नाही, हे सिंधुबाईंचे नियम. एका गोळीनंतर पुन्हा भरायला चांगला वेळ जायचा, तेवढ्यात समोरची बाजू चाल करून यायची. म्हणून मुली टाकीमागं दबा धरायच्या, आपल्यातली एक बंदूक भरत असली की दुसरी तिला राखायची. सहाच्या ठोक्याला सगळ्या घामाघूम होऊन खाली यायच्या आणि पिठलं-भाकरीवर तुटून पडायच्या.

महिनाभरात व्यंकटराव सर मेसवर आले. सिंधुबाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला. सरांनी नीट समजावून सांगितलं. परीक्षा चार महिन्यांवर आली आहे, एक तास म्हणजे चाळीस प्रश्न, बाहेर या मेसचं नाव खराब होत आहे. बंदुका बंद करा, नाहीतर मी पालकांना बोलावून घेतो. तुमच्या बावीस मुलींतल्या अठरा माझ्याकडं आहेत हे विसरू नका, असंही ते शेवटी म्हणाले.

सिंधुबाईंनी कप उचलला. "बोलवा सर. त्या दिवशी सगळ्यांचं जेवण माझ्याकडं."

शेषेरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. मोठ्या माणसाशी वाकडं कशाला, खेळणंच तर आहे, ठेव माळ्यावर, असं ते दोन दिवस सांगत राहिले. सिंधुबाईंनी ऐकून घेतलं आणि रविवारी पाच वाजता गच्चीची किल्ली मुलींच्या हातात दिली.

पालक आले. कुणी अहमदपूरहून, कुणी हिमायतनगरहून, बापूसाहेब नांदेडच्या पहिल्या एसटीनं. मेसमध्ये बाकं मांडली होती. सरांनी लाकडी बंदूक टेबलावर ठेवली आणि बोलले. कुणावर आवाज चढवला नाही. एकेका मुलीचे मार्क वाचून दाखवले. मनस्विनीचे गेल्या दोन टेस्टमध्ये वाढले होते, ते मात्र वाचले नाहीत. पालक एकमेकांकडं बघू लागले. एका बाईंनी विचारलं, पोरींना आम्ही डॉक्टर व्हायला पाठवलंय, तुम्ही शिपाई करून राहिला का?

सिंधुबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढं आल्या.

"भूकंपानंतर चौथ्या दिवशी आमच्या पाटलाच्या घराचे दगड उपसताना जवानांना अशीच एक बंदूक घावली," त्या म्हणाल्या. "सगळं घर सपाट आणि बंदुकीला ओरखडा न्हाई. ती भिंतीला टेकवून ठेवली होती, आम्ही पोरं बघत होतो. महिन्यानं शेडमध्ये आम्ही काठ्या घेऊन तोच खेळ मांडला. सात-आठ पोरं होतो, सगळ्यांच्या घरातलं कुणी ना कुणी गेलेलं. आमचा चुलता आला आणि त्याच काठीनं त्यानं आम्हाला झोडपलं. राख निवली न्हाई आणि तुम्ही खेळता, म्हणाला. त्या दिवसापासून मी खेळले न्हाई. तो दुःखात होता, त्याला मी बोल लावत न्हाई. पण त्याचं चुकलं होतं. ओझ्याखालच्या पोराला खेळ लागतो. माझ्या घरात रविवारी पाच ते सहा पोरी खेळणार. ज्यांना पटत न्हाई त्यांनी पोरीला खुशाल न्यावं, मी वाईट बोलणार न्हाई."

मग बापूसाहेब उठले. त्यांनी सिंधुबाईंकडं न बघता मनस्विनीला सामान भरायला सांगितलं.

मनस्विनी जिन्याच्या पायरीवर उभी होती. ती हलली नाही.

"मी इथंच राहणार बाबा."

त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा हळू, लोक बघताहेत म्हणून.

"दिवाळीनंतर एकदा मी त्या गच्चीवर गेले होते," ती म्हणाली. "खेळायला नाही. कठड्यावर बसले होते, पाय बाहेर सोडून. तिथून तुम्हाला फोन लावला. तुम्ही विचारलं, टेस्टमध्ये किती पडले. मी सांगितलं आणि तुम्ही फोन ठेवला. आता मी त्याच गच्चीवर जाते आणि सहा वाजता जेवायला खाली येते. मला दुसरीकडं कुठं न्यायचं असेल तर ओढून न्यावं लागेल."

बापूसाहेब बाकावर बसले. बसताना त्यांचा हात टेबलावरच्या बंदुकीला लागला आणि ती खाली पडली. ती उचलायलाही कुणी वाकलं नाही. कठड्याची ही गोष्ट सिंधुबाईंनाही ठाऊक नव्हती.

त्या दिवशी नऊ मुलींना त्यांच्या घरच्यांनी नेलं. बापूसाहेब एकटेच परत गेले. जाताना त्यांनी मनस्विनीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर त्यांचा रोज फोन यायला लागला. कधी मार्क विचारायचेच, सवय सुटत नव्हती, पण आधी जेवलीस का विचारायचे. सिंधुबाईंनी दुसऱ्याच दिवशी गच्चीच्या कठड्यावर छातीएवढी जाळी ठोकून घेतली आणि तेरा मुलींच्या दोन बाजू पाडल्या. तेरावी पंच झाली.

मनस्विनीला एमबीबीएस मिळालं नाही. उदगीरला पशुवैद्यकीला तिचा नंबर लागला, आणि तिनं तो आनंदानं घेतला. प्रवेश उरकल्यावर व्यंकटराव सरांनी यशस्वी विद्यार्थ्यांचा फ्लेक्स लावला, त्यात तिचाही फोटो होता. ती क्लासच्या ऑफिसात गेली आणि फोटो काढा म्हणाली. मॅनेजरनं फुकटची प्रसिद्धी आहे म्हणून समजूत घातली. ती दारातच उभी राहिली. तासाभरानं माणूस शिडी लावून चढला आणि फोटोतल्या तिच्या चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवला, तेव्हा ती निघाली.

रिकाम्या नऊ खाटांसाठी नवे पालक विचारायला यायला लागले. बाहेर चर्चा झालीच होती, त्यामुळं कुणीतरी दबकत विचारायचंच की इथं ते बंदुकीचं काय आहे. दरवेळी सांगत बसण्यापेक्षा सिंधुबाईंनी पेंटरला बोलावून पाटी नव्यानं रंगवायला दिली. राहणं, जेवण, रविवारी बंदुका. पेंटरनं मजकूर दोनदा वाचला आणि शेवटचे दोन शब्द कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकू का म्हणून विचारलं.

"न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या. "जेवणापेक्षा मोठं लिही."