माझ्या पाठीवर कोरलेली केझाया

मित्रांनो, माझ्यावर बसायला माझी ना नाही. आजकाल चर्चमध्ये येणारा जो तो माझ्यावर टेकूनच बुटांच्या नाड्या बांधतो. पण बसण्याआधी जरा माझी ओळख करून घ्या. मी एक जुनी ओक लाकडाची दप्तरपेटी आहे. इंग्लंडातल्या लिंकनशायर परगण्यात आल्डरबी नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये, घंटेच्या मनोऱ्याखाली, भिंतीला पाठ लावून मी चारशे वर्षे बसून आहे. पाय दुखत नाहीत, कारण पाय वाळवीने केव्हाच खाल्ले.

गिरणीच्या वाटेवर एक ओक वादळात पडला. त्याच्या फळ्यांतून गावच्या सुताराने मला एका हिवाळ्यात घडवले. माझे झाकण इतके जड झाले की पहिल्याच दिवशी ते त्याच्या बोटावर पडले. तो कळवळून म्हणाला, "चोराला चावायला केली हिला, तर मलाच चावली!" त्या रक्ताचा तपकिरी डाग अजून माझ्या काठावर आहे. मला त्याचे वाईट वाटते, पण तेव्हा मी अगदीच नवी होते. मला काय कळणार?

मग लोहाराने मला तीन कुलुपे बसवली. एक किल्ली पाद्रीसाहेबांकडे, आणि उरलेल्या दोन चर्चच्या दोन कारभाऱ्यांकडे. तिघे एकत्र आले तरच मी उघडायची. गावाचा पाद्रीसाहेबांवर विश्वास नव्हता, असे मुळीच नाही. गावाचा एकट्या माणसावरच विश्वास नव्हता.

माझ्या पोटात गावाच्या वह्या असत. आल्डरबीतला माणूस आयुष्यात तीनदा वहीत यायचा. बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मातीला. मधल्या वेळात तो काय करायचा ते वहीत नसे, पण मला ठाऊक असे, कारण रविवारी प्रार्थना संपली की बायका माझ्याजवळच उभ्या राहून बोलत. कुणाच्या मेंढ्या कुणाच्या कुरणात शिरल्या, कुणाची सून चुलीला हात लावत नाही, सगळे माझ्या कानावर पडे. मी त्यातले काहीही कधी बाहेर सांगितले नाही. ते दिवस फार मानाचे होते. कारकून मला आठवड्याला मेण लावून पुसायचा, आणि लहान मुलांनी मला हात लावला तर आया त्यांना मागे ओढायच्या.

तर मित्रांनो, १७८४ सालचा जानेवारी होता. असा बर्फ गावाने पाहिला नव्हता. मनोऱ्याचे छत गळू लागले, म्हणून चार माणसांनी मला ओढत ओढत चर्चच्या मधोमध आणून ठेवले. त्याच आठवड्यात गवंडी टॉमस ब्लॅड याच्या घरी मुलगी झाली. पोर इतके अशक्त होते की संध्याकाळपर्यंतही जगेल, याची खात्री नव्हती. पाद्रीसाहेब कंबरभर बर्फातून त्याच्या घरी गेले आणि हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून पुडिंगच्या वाडग्यातल्या पाण्याने त्यांनी तिचा बाप्तिस्मा केला. तिचे नाव ठेवले केझाया.

चर्चचा कारकून जाबेझ त्यांच्याबरोबर गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ होता. नाव वहीत लिहायचे होते, पण वही माझ्या पोटात, आणि दोन किल्ल्या दूरच्या दोन मळ्यांवर बर्फात अडकलेल्या. त्याच्या दौतीतली शाई गोठली होती. कागदाचा चिटोराही जवळ नव्हता. जाबेझने इकडेतिकडे पाहिले, माझ्या मागे येऊन गुडघे टेकले, खिशातला चाकू काढला आणि माझ्या पाठीवर कोरू लागला. समोरच्या बाजूला नक्षी होती. ती त्याने जपली, म्हणून मी त्याचा राग केला नाही. गुदगुल्या मात्र झाल्या.

"एवढं आजच्यापुरतं," तो मला थोपटत म्हणाला. "उद्या किल्ल्या जमल्या की वहीत उतरवतो. कुणाला सांगू नकोस हं."

मी कुणाला सांगितले नाही. तेच तर झाले. जाबेझला दुसऱ्या दिवशी ताप भरला आणि बर्फ वितळायच्या आत तो गेला. पाद्रीसाहेबांना वाटले जाबेझने लिहिले असेल, आईबापांना वाटले पाद्रीसाहेबांनी लिहिले असेल. वसंतात मला पुन्हा भिंतीला लावले. ती मुलगी मात्र जगली. बारा वर्षांची झाल्यावर परगावी घरकामाला गेली, आणि तिचे नाव माझ्या पाठीवर अंधारात राहिले.

त्या बर्फाला त्र्याहत्तर वर्षे झाली. केझाया म्हातारी होऊन गावात परतली आणि भावाच्या घरी राहू लागली. मग भाऊ वारला, आणि ते घर मळ्यावरच्या नव्या गड्याला हवे होते. तिला कुठे जागा नव्हती. गावात एका दानशूर बाईने फार पूर्वी म्हाताऱ्यांसाठी सहा खोल्या बांधल्या होत्या. त्यांतली चौथी खोली रिकामी होती. पण तिथे नियम एकच. माणूस आल्डरबीतच जन्मलेला हवा, आणि त्याचे नाव चर्चच्या वहीत हवे. नाव नसेल तर शहरातला गरीबखाना. तिथे अंगावर सरकारी कपडे, आणि मेल्यावर कुठे पुरले ते कुणी विचारायचे नाही. शुक्रवारी गरीबखान्याची गाडी येणार होती.

आता नेमकी अडचण अशी की मी पाच वर्षे उघडलेच नव्हते. चालू वही पाद्रीसाहेबांच्या घरी असे, आणि जुन्या वह्यांसाठी तीन किल्ल्या एकत्र येणे अशक्य झाले होते. कारभारी स्टॅनर्ड हा शेतकरी. तो तीस वर्षे चर्चच्या माडीवर बसून, गुडघ्यांत धरायचे मोठे सारंगीसारखे वाद्य वाजवत आला होता. कारभारी गॅदरकोल हा गिरणीवाला. त्याने चर्चला हौसेने नवी कोरी पायपेटी आणली. माडीवरचे वाजंत्री घरी बसले. त्या रविवारपासून दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले. एक दाराने आत आला की दुसरा बाजूच्या दाराने बाहेर.

पाद्री लिडनसाहेब स्वभावाने गरीब. त्यांनी दोघांना वेगवेगळ्या निमित्तांनी बोलावले आणि शुक्रवारी सकाळी दोघे माझ्यासमोर एकमेकांना आडवे आले. केझाया बाकावर बसली होती. बाजूला तिचे गाठोडे होते.

"पाद्रीसाहेब," स्टॅनर्ड छताकडे बघत म्हणाला, "त्या गृहस्थांना म्हणावं, किल्ली लावा. मला मेंढ्यांकडे जायचंय."

"पाद्रीसाहेब," गॅदरकोल जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या गृहस्थांना म्हणावं, मेंढ्या तुमच्यापेक्षा शहाण्या आहेत. त्यांचं त्या बघतील."

"अहो, तुम्ही दोघं हातभर अंतरावर उभे आहात," लिडनसाहेब काकुळतीने म्हणाले. "मी मध्ये कशाला?"

तीन कुलुपे करकरली. माझे झाकण उघडले, आणि पाच वर्षांनी मला मोकळा श्वास मिळाला. १७८४ ची वही निघाली. लिडनसाहेबांनी पान उलटले, पुन्हा मागे आले, चष्मा पुसला. नाताळातली दोन मर्तिके होती, आणि मग एकदम मार्च महिना.

"नाही," ते हळूच म्हणाले.

"नीट बघा," केझाया म्हणाली. "आई सांगायची, पुडिंगच्या वाडग्यात झाला माझा बाप्तिस्मा. तो वाडगा पुढं माझ्या हातून फुटला म्हणून मार खाल्लाय मी."

"नाव नाही म्हणजे नाही," स्टॅनर्ड म्हणाला. नियम म्हणजे त्याचा जीव की प्राण. "आज हिला घेतलं तर उद्या सगळा परगणा दारात उभा राहील."

"पाद्रीसाहेब, त्यांना सांगा," गॅदरकोल उसळला, "वहीत नाव असूनही माणूस दगड असू शकतो!" खरे तर तो केझायाच्या बाजूने बोलत होता की स्टॅनर्डच्या विरुद्ध, हे मला आजही सांगता येणार नाही.

केझाया उठली. तिने गाठोडे उचलले.

"भांडा तुम्ही," ती म्हणाली. "पाच वर्षं भांडताय, अजून पाच भांडा. मी काही भीक मागायला आले नव्हते. माझंच नाव मागायला आले होते."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा फुटावी असे फार फार वाटले. सगळ्या गावाची गुपिते मी पोटात ठेवली, त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी मात्र माझी मलाच लाज वाटली. तिचे नाव माझ्या पाठीवर होते, आणि मी लाकडाची होते.

वही आत गेली. झाकण पडले. बाहेर गाडीच्या चाकांचा आवाज आला. दोन कुलुपे लागली. तिसऱ्या कुलुपाच्या वेळी गॅदरकोलचा तोल गेला. "मला नको हा कारभार! ही घ्या माझी किल्ली!" म्हणून त्याने किल्ली माझ्या झाकणावर आपटली. ती उडाली, घसरली, आणि माझ्या आणि भिंतीच्या फटीत जाऊन पडली.

एक कुलूप उघडे टाकून जाणे नियमात बसत नव्हते, आणि स्टॅनर्ड जागचा हलायला तयार नव्हता. लिडनसाहेबांनी फटीत हात घालून पाहिला. पोचेना. मला ओढायला हवे होते, आणि एका माणसाने मी हलत नाही. दोघे माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. बराच वेळ उभेच राहिले.

शेवटी स्टॅनर्ड कडी धरून खाली वाकला आणि म्हणाला, "उचल तुझी बाजू."

"उचलतोय," गॅदरकोल म्हणाला. "तू पायाचं बोट सांभाळ. ही चावते म्हणतात."

पाच वर्षांनी त्यांचे हे पहिले बोलणे. धापा टाकत त्यांनी मला हातभर पुढे ओढले. किडकिडीत लिडनसाहेब मागे शिरले. "किल्ली सापडली," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "इथं काहीतरी कोरलंय. कुणी मेणबत्ती देता का?"

दारापर्यंत गेलेली केझाया परत फिरली आणि तिनेच वेदीजवळची मेणबत्ती पेटवून त्यांच्या हातात दिली. साहेबांनी जळमटे पुसली आणि एकेक अक्षर लावत वाचले.

"केझाया. टॉमस ब्लॅडची मुलगी. वाडग्यात. बर्फ फार. चौदा जानेवारी सतराशे चौऱ्याऐंशी. उद्या वहीत उतरवणे. जाबेझ."

केझायाला वाचता येत नव्हते. ती त्या फटीत वाकली आणि तिने बोटे माझ्या पाठीवरून फिरवली. "यातलं माझं नाव कुठलं?" तिने विचारले. साहेबांनी तिचे बोट धरून दाखवले. मग तिने ते एकटीने पुन्हा गिरवले.

गॅदरकोलने स्टॅनर्डकडे पाहिले. "आता म्हण, वहीत नाही म्हणून."

स्टॅनर्डने बराच वेळ दाढी खाजवली. "पेटी चर्चची," तो म्हणाला. "कारकून चर्चचा. पेटीच्या आतलं चालतं, तर बाहेरचंही चालायला हवं." मग त्याने स्वतःच आपली किल्ली पुन्हा कुलुपात घातली. "पाद्रीसाहेब, वही काढा आणि लिहा. आत्ता लिहा. एकदा उद्यावर टाकून झालंय."

लिडनसाहेबांनी त्या पानाच्या कडेला ते नाव लिहिले आणि दोघा कारभाऱ्यांनी एकाखाली एक सह्या केल्या. बाहेरची गाडी रिकामी परत गेली.

केझाया चौथ्या खोलीत अकरा वर्षे राहिली. दर शनिवारी ती फडके आणि मेण घेऊन यायची आणि मला पुसायची. पुढच्या नाताळात माडीवरचे वाद्य आणि पायपेटी एकत्र वाजली. सूर काही जुळले नाहीत. पण इतका गोड नाताळ मी पुन्हा ऐकला नाही.

पुढे जग बदलले. वह्या जपायला दमट चर्चपेक्षा चांगली जागा हवी, म्हणून एक दिवस मोटार आली आणि त्या शहरातल्या दप्तरखान्यात गेल्या. ते योग्यच झाले. तरी मोटार निघाली तेव्हा मला भडभडून आले. आता माझ्या पोटात फुलदाण्या असतात, नाताळाची मोडकी चांदणी असते आणि आताच्या पाद्रीबाईंचे चिखलाचे बूट असतात. माझ्या कुलुपांना गंज चढला आहे. कॅनडाहून, ऑस्ट्रेलियातून पणजोबांचा शोध घेत माणसे येतात, माझ्यावर बसून नकाशा उलगडतात आणि निघून जातात. मागच्या उन्हाळ्यात मात्र ब्लॅड आडनावाची एक मुलगी आली. केझायाच्या त्याच भावाच्या वंशातली, माझ्या पाठीची गोष्ट घरात ऐकलेली. ती भिंतीला गाल लावून फटीत हात घालून कितीतरी वेळ बसली होती. इतक्या वर्षांनी माझ्या पाठीवर कुणाची बोटे फिरली.

मित्रांनो, मला पुसा, वाळवीचे औषध लावा, फुलदाण्या ठेवायच्या तर खुशाल ठेवा. फक्त माझी पाठ घासू नका. आणि तुमच्या घरी जुने फोटो असतील, तर ते कुणाचे आहेत हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना आजच विचारा आणि फोटोच्या मागे नाव लिहून ठेवा. जाबेझ काही वाईट माणूस नव्हता. तो फक्त म्हणाला होता, उद्या लिहितो.