चर्चच्या दारातल्या चपला

सुवर्णाकाकूंना टेक्सासमधल्या शुगर लँडहून त्यांची पुतणी अबोली एक चर्च दाखवायला घेऊन आली होती. स्पेनमधल्या एका खेड्यातलं, यात्रेकरूंच्या जुन्या वाटेवरचं हे आठशे वर्षांचं चर्च, दगडन् दगड सुटा करून अमेरिकेत आणून पुन्हा उभारलेलं होतं.

काकूंनी सवयीने दारातच चपला काढल्या.

"काकू, इथे नाही काढत," अबोली ओशाळून म्हणाली.

"आत देव आहे ना? मग!" म्हणत काकू आत शिरल्यासुद्धा. बाहेर ऊन रणरणत होतं, पण आतली दगडी फरशी माठासारखी गार होती. तळपायांची आग निवली आणि काकूंच्या तोंडून मोठ्याने "अहाहा!" निघालं.

ते ऐकून बाकावरच्या एका गोऱ्या आजींनी हळूच बूट उतरवले, फरशीला पाय टेकवले आणि डोळे मिटून घेतले. मग त्यांच्या यजमानांनी, मग आणखी दोघांनी. तेवढ्यात पहारेकरी लगबगीने आला. अबोलीने मान खाली घातली.

"पूर्वी चालून दमलेले यात्रेकरू इथे हेच करत असणार," तो हसून म्हणाला आणि स्वतःचे बूट सोडायला वाकला.

"आता तू गं कुणाची वाट बघतेस?" काकूंनी अबोलीला विचारलं.

अबोलीने हसत सँडल काढले.