प्रूडन्स मावशीचा आवाज

आमच्या बरबँकच्या कार्टून स्टुडिओत आधी संवाद रेकॉर्ड होतात, मग त्या आवाजाबरहुकूम पात्रांचे ओठ काढतात. नटांची तारीख मिळेपर्यंत ऑफिसातलंच कुणीतरी कामचलाऊ आवाज देतं. खरा नट येऊन गेला की तो पुसायचा, चुकून टीव्हीवर जायला नको.

मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवणारी आमची कार्टून मालिका. बॉस्टनकरांनी इंग्रजांचा चहा जहाजांवरून बंदरात फेकला, त्या गोष्टीच्या भागात प्रूडन्स मावशीला असा कामचलाऊ आवाज दिला तो नेडीन हॅस्केटने. ती माझ्या शेजारच्या टेबलावर पात्रं रंगवायची. लोवेल, आमचा दिग्दर्शक, इतका खूश झाला की म्हणाला, हाच आवाज ठेवायचा. नेडीनने घरी जाऊन वर्लनला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. पुढे चॅनेलला नावाजलेली नटी हवी झाली. लोवेलने मान डोलावली. त्या कामात त्याचा हात कुणी धरणार नाही. तोवर नेडीन हॉस्पिटलात होती. तिला कशाला त्रास, म्हणून कुणी बोललं नाही. नोव्हेंबरात ती गेली.

वर्लनला मीच सांगतो, असं लोवेल म्हणाला होता. त्याच भरवशावर, तो भाग टीव्हीवर लागणार होता त्या शनिवारी सकाळी मी वर्लनच्या घरी गेले. वर्लन पॅनकेक भाजत होते. शेजारी जमले होते, दोघी नाती टीव्हीसमोर गालिच्यावर लोळत होत्या. टेबलावर लिलीच्या फुलांचा भलामोठा गुच्छ होता.

"लोवेलने पाठवलाय," वर्लन म्हणाले. "चिठ्ठीत एवढंच, 'शनिवारी आठवण येईल.' बस, ग्रेटा, आता मुलींना आजी ऐकू येईल."

माझं डोकंच फिरलं. फुलवाल्याकडे जायला बरा वेळ मिळाला याला! मी वर्लनना ओट्याजवळ गाठलं.

"वर्लन, आवाज तिचा नाही. बदलला."

त्यांनी गॅस बंद केला. "आणि तिचा कुठंय?"

"पुसला. तशी पद्धतच आहे."

"तिला माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. पण त्यांच्या तोंडावरून ते बरं झाल्यासारखं वाटत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. एक टेप कपाटात टाकून ठेवायला कुणाचं काय जाणार होतं?

एक गोष्ट मात्र पुसली गेली नव्हती. मी हळूच सांगितलं, "ओठ तिच्याच आवाजावर काढलेत. त्या नटीला त्या ओठांप्रमाणे बोलावं लागलं."

ते बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्हीसमोर खुर्चीत बसले. पडद्यावर प्रूडन्स मावशी किटली घेऊन आली तसा त्यांनी रिमोट उचलून आवाज बंद केला. नाती कुरकुरल्या. मावशीचे ओठ हलू लागले, आणि वर्लन त्यांच्याबरोबर बोलू लागले. ते वाक्य नेडीनने स्वयंपाकघरात इतकं घोकलं होतं की त्यांचंही पाठ झालं होतं.

"चहा नको म्हटलं ना?"

मावशीने ओठ घट्ट मिटले. नेडीन असेच मिटायची, हट्टाला पेटली की. वर्लनही थांबले.

"मग नको."

लगेच बंदरातली जहाजं आली. मावशीचं काम तेवढंच होतं. वर्लननी मुलींसाठी आवाज पुन्हा मोठा केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोवेलला सांग, फुलं मिळाली."